इंग्रजीला वळसा घालून स्पॅनिश

(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते हाडाचे भाषाशिक्षक होते. त्यामुळे भाषा शिकण्याबद्दल बोला, असं संयोजकांनी सुचवलं तेव्हा मला विषय शोधावा लागला नाही. रोजच्या वापरातली स्पॅनिश वाक्यं मराठी माणसानं कशी शिकावीत आणि कशी उच्चारावीत, एवढंच आज बोलायचं आहे. नमस्कार, आभार, माफी, निरोप, खाणंपिणं, इतपतच त्याचा पसारा. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते. आपण स्पॅनिश इंग्रजीतून शिकतो आणि आपल्या निम्म्याअधिक अडचणी त्या वळशानं निर्माण केलेल्या असतात. मराठीतून थेट गेलं, तर वाट जवळची आहे. तिथेही खड्डे आहेत, पण ते मोजके आहेत आणि आधीच दाखवता येतात.

पुरावा म्हणून आपल्या तोंडची नावं घ्या. सेर्वान्तेसच्या कादंबरीचा नायक त्याच्या भाषेत ‘दोन किखोते’ आहे, आपल्याकडे तो ‘डॉन क्विक्झोट’ होऊन आला. मारादोनाचा मॅराडोना झाला, कुबाचा क्युबा, तेकिलाची टकीला. कोल्हापूरच्या पेठांत ज्या देशाच्या विजयावर फटाके वाजतात त्या देशाचे लोक स्वतःच्या देशाला ‘आर्खेन्तिना’ म्हणतात. यात एकच आवाज आपल्याला थोडा परका आहे. बाकी द, त, क, आ हे सगळे घरचे. आपल्या वर्णमालेत ‘द’ आणि ‘त’ तयार असताना आपण लंडनला जाऊन ‘ड’ आणि ‘ट’ घेऊन आलो.

पूर्वी असं होत नव्हतं. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. गोव्याच्या वाटेनं तिचे शब्द मराठीत आले ते कानावाटे आले, पुस्तकावाटे नाही. म्हणून फीत, परात, बादली, तुरुंग, काडतूस यांच्यातले ‘त’ आणि ‘द’ दंत्यच राहिले. बटाटा तेवढा अपवाद, तो मी निमूटपणे मान्य करते. पण एकूण पाहता त्या निरक्षर खलाशा-शिपायांच्या आणि बाजारकऱ्यांच्या कानांनी जे केलं, ते आज आपले सुशिक्षित डोळे करू देत नाहीत. रोमन अक्षर दिसलं की आपण ते इंग्रजीच समजतो.

आवाज

स्पॅनिशमध्ये स्वर पाच: आ, ए, इ, ओ, उ. त्यांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. इंग्रजी बोलणाऱ्याला हे पाच स्वर जड जातात, कारण जोर नसलेला स्वर त्याच्या तोंडात आपोआप पुसट होतो. आपल्याला तो त्रास नाही. आपला त्रास शब्दाच्या शेवटी सुरू होतो. मराठीत ‘मी’, ‘तू’ आपण लांबवतो, शुद्धलेखनाचा नियमही शेवटचे इकार-उकार दीर्घच लिहायला सांगतो. त्याच सवयीनं ‘ओला’ या नमस्कारातला ‘ला’ आपण ताणतो. तिथे जोर ‘ओ’वर असतो आणि ‘ला’ चटकन संपतो. लिहिताना आधी ‘एच’ असला तरी तो मुका, म्हणून ‘होला’ म्हणायचं नाही.

क, त, प यांच्याबाबतीत तर आपण जन्मजात पुढे आहोत. इंग्रज हे उच्चार करताना श्वास सोडतो, त्याचा ‘क’ ‘ख’कडे झुकतो. त्याची ही सवय मोडण्यासाठी तोंडासमोर कागद धरून बोलायला लावण्याची युक्ती आहे: कागद हलला की उच्चार चुकला. मराठी माणसाचा कागद मुळात हलतच नाही, कारण काल आणि खाल, पार आणि फार यांतला फरक तो लहानपणीच शिकलेला असतो.

‘र’ दोन प्रकारचा आहे. ‘पेरो’ म्हणजे पण. त्यातला र आपल्या ‘बरं’मधल्यासारखा, जीभ एकदाच टेकते. ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा. इथे जीभ थरथरली पाहिजे. इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकात या थरथरीसाठी पानभर सूचना असतात. मराठी आईनं बाळाला ‘चिमणी भुर्र उडाली’ म्हणून दाखवलेलं असतं, तेवढं पुरे. शब्दाच्या सुरुवातीचा र नेहमी हा ‘भुर्र’वाला असतो, मग ते रोमा असो की रेआल माद्रीद.

आता आपले खास मराठी खड्डे. पहिला ‘च’चा. मराठीत च दोन आहेत. ‘चार’मधला वेगळा, ‘चाक’मधला वेगळा, आणि लिपी दोघांना एकच अक्षर देते. स्पॅनिशमध्ये फक्त ‘चार’चा च आहे. ‘मुचास ग्रासियास’ म्हणजे खूप आभार. देवनागरीत लिहिलेलं हे वाचताना ‘चास’ हा ‘चाक’सारखा उच्चारला की ऐकणाऱ्याला क्षणभर काही कळत नाही. ही चूक इंग्रजी पुस्तकात सापडणार नाही, कारण ती करणारा माणूस त्या लेखकानं पाहिलेलाच नसतो.

दुसरा खड्डा ‘ख’चा. ‘किखोते’मधला ख आपल्या ‘खडू’चा नाही. उर्दूतल्या ‘ख़बर’मध्ये घसा घासतो, तसा तो घासतो. गझला ऐकणाऱ्यांना तो ओळखीचा आहे. जमत नसेल तर साधा ‘ह’ म्हणा. कॅरिबियन बेटांवर आणि मध्य अमेरिकेत बरेचजण तसंच म्हणतात.

तिसरा ‘थ’चा. स्पेनच्या बहुतांश भागात ‘ग्रासियास’मधल्या ‘स’च्या जागी जिभेचं टोक दातांमध्ये आणून हवा सोडतात. आपण तिथे ‘थ’ लिहितो आणि मग ‘थाळी’चा थ म्हणतो, ते चुकतं. लॅटिन अमेरिकेत, कॅनरी बेटांवर आणि आंदालुसियाच्या बऱ्याच भागात तिथे सरळ ‘स’ आहे, आपणही तोच धरावा. कुणा बोबड्या राजाची नक्कल करता करता स्पेनमध्ये हा उच्चार रूढ झाला, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती खोटी आहे. राजा खरंच बोबडा असता तर सगळेच ‘स’ बदलले असते. त्याच लोकांच्या तोंडी ‘कासा’, म्हणजे घर, यातला ‘स’ स्वच्छ ‘स’च आहे.

ब आणि व यांच्यासाठी स्पॅनिशमध्ये अक्षरं दोन, आवाज एक. बोलण्याच्या सुरुवातीला तो ‘ब’ असतो, म्हणून ‘बीनो’ म्हणजे वाइन. दोन स्वरांच्या मध्ये तो सैल पडतो, ओठ जवळ येतात पण मिटत नाहीत. दात न टेकवता म्हटलेला मराठी ‘व’ त्याच्या अगदी शेजारी आहे. ‘द’चंही तसंच. ‘नादा’ म्हणजे काही नाही. त्यातला द इतका हलका की जीभ दाताला लागली न लागली.

देवनागरीला न दाखवता येणारी एक गोष्ट म्हणजे शब्दातला जोर. मराठीत जोरानं अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपण सगळी अक्षरं सारख्याच मापानं मोजून देतो. स्पॅनिशमध्ये ‘पापा’ पहिल्या अक्षरावर जोर देऊन म्हटलं तर लॅटिन अमेरिकेत बटाटा होतो आणि रोममधले पोपही होतात. दुसऱ्या अक्षरावर दिला तर बाबा. ‘आब्लो’ म्हणजे मी बोलतो, शेवटी जोर दिला की तो बोलला. नियम मात्र सुटसुटीत आहे. शब्द स्वरानं, ‘एन’नं किंवा ‘एस’नं संपला तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर, एरवी शेवटच्या अक्षरावर. जिथे हा नियम मोडतो तिथे स्वराच्या डोक्यावर तिरकी रेघ असते. ती रेघ नक्षी समजून सोडून देऊ नये. ‘एन’वरची नागमोडी रेघ तर मुळीच सोडू नये. ‘तेंगो बेइन्ते आन्योस’ म्हणजे माझं वय वीस वर्षं. रेघ विसरून ‘आनोस’ म्हटलंत, तर वर्षं जातात आणि त्या जागी शरीरशास्त्रातला एक शब्द येतो, जो सभेत सांगता येत नाही.

आणखी एक गंमत. आपल्याकडे खेड्यातला माणूस ‘इस्कूल’, ‘इष्टेशन’ म्हणाला की शहरी माणूस हसतो. स्पॅनिशमध्ये शाळा ‘एस्क्वेला’ आणि स्टेशन ‘एस्तासियोन’ आहे. ‘स’ला व्यंजन जोडून शब्द सुरू करायचा नाही, आधी स्वर घ्यायचा, हा त्या भाषेचा धडधडीत शिष्ट नियम आहे. १७१३ साली स्थापन झालेली स्पॅनिश भाषेची अकादमी, रेआल आकादेमिया, त्यावर शिक्का मारून बसली आहे.

या अकादमीनं वाचणाऱ्याची एक मोठी सोय करून ठेवली. १७५४ सालच्या लेखननियमांत तिनं प्रश्नचिन्ह वाक्याच्या सुरुवातीलाही, उलटं करून, द्यायला सांगितलं. कारण असं की ‘उद्या येतो’ आणि ‘उद्या येतो?’ या दोन्हींत आपल्याप्रमाणेच तिथेही शब्दांचा क्रम तोच राहू शकतो, फरक फक्त सुराचा. प्रकट वाचन करणाऱ्याला तो सूर आधी कळायला हवा. म्हणजे हे चिन्ह आवाजासाठी आहे. तोमास नावार्रो तोमास यांनी १९१८ साली स्पॅनिश उच्चारांचं मार्गदर्शक पुस्तक लिहिलं, ते पुढे अनेक पिढ्यांच्या शिक्षकांनी वापरलं. त्यातही सुटा आवाज आणि वाक्याची चाल या दोहोंचा विचार आहे. ‘कोमो एस्ता उस्तेद’, कसे आहात, हे तीन शब्द बोलताना तीन राहत नाहीत, ‘कोमोएस्ताउस्तेद’ असा एकच लोट येतो. संधी पाठ केलेल्या माणसाला याचं नवल वाटू नये.

‘मला’चं व्याकरण

आवाजापेक्षाही मोठी जवळीक वाक्यात आहे. ‘मला कॉफी आवडते’ यात कर्ता मी नाही, कॉफी आहे. स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्ता एल काफे’: ‘मे’ म्हणजे मला, आवडणारी कॉफी. ‘मला आंबे आवडतात’ म्हणताना आपलं क्रियापद आंब्यांमागे अनेकवचनात जातं, तिकडेही ‘मे गुस्तान लोस मांगोस’. इंग्रजीतून शिकणारा ‘मी आवडतो कॉफी’ असं काहीतरी जुळवू पाहतो आणि हा पाठ पुस्तकात उशिरा, सावधगिरीच्या सूचनांसह येतो. मराठीतून शिकवताना हा पाठ पहिल्या दिवशी घेता येईल.

हातून कप फुटला तर आपण काय म्हणतो? ‘मी कप फोडला’ असं सहसा कुणी म्हणत नाही. ‘माझ्या हातून फुटला.’ स्पॅनिशमध्ये ‘से मे रोम्पियो ला तासा’: कप आपणहून फुटला, मी फक्त तिथे होतो. काही विसरलं तर ‘से मे ओल्बिदो’, म्हणजे मला विसर पडला. अपराध्याला वाक्यातच थोडा आडोसा देण्याची सभ्यता दोन्ही भाषांकडे आहे.

लिंगाचंही तसंच. मराठी बाई ‘मी दमले’ म्हणते, पुरुष ‘मी दमलो’. तिकडे बाई ‘एस्तोय कान्सादा’, पुरुष ‘एस्तोय कान्सादो’. ओळख झाल्यावर ‘भेटून आनंद झाला’ या अर्थी बाई ‘एन्कान्तादा’ म्हणेल, पुरुष ‘एन्कान्तादो’. आणि ‘येतो’ म्हटलं की ‘मी’ म्हणायची गरज आपल्याला नाही, त्यांनाही नाही. प्रत्येक वाक्यात ‘यो’ म्हणजे ‘मी’ लावणारा शिकाऊ माणूस त्यांना आत्मस्तुती करणारा वाटतो. ही खोड इंग्रजीची.

इथला एक खड्डा म्हणजे ‘आहे’. स्पॅनिशमध्ये त्याला दोन क्रियापदं आहेत, म्हणून आपण अडखळतो. पण जरा पाहा: ‘एस आबुर्रिदो’ म्हणजे तो कंटाळवाणा आहे, ‘एस्ता आबुर्रिदो’ म्हणजे तो कंटाळलेला आहे. हा फरक मराठी माणसाच्या मनात पक्का आहेच. आपण तो विशेषणात करतो, ते क्रियापदात करतात. मराठी उदाहरणानं सांगितलं तर पाच मिनिटांत उजेड पडतो.

तू, तुम्ही आणि उस्तेद

इंग्रजीत समोरच्याला एकच सर्वनाम. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण. स्पॅनिशमध्ये जवळच्याला ‘तू’, अक्षरशः आपलाच तू, आणि आदरानं ‘उस्तेद’. हा शब्द ‘बुएस्त्रा मेर्सेद’ म्हणजे ‘आपली कृपा’ या जुन्या दरबारी संबोधनातून झिजत आला. म्हणून त्याच्याबरोबर क्रियापद तृतीयपुरुषी येतं. इंग्रजी पुस्तकांना हे समजावताना घाम फुटतो. समोर बसलेल्या पाहुण्यालाच ‘रावसाहेब काय घेणार?’ असं विचारणाऱ्या समाजाला त्यात अवघड काय?

पण ‘तू’ कुणाला म्हणायचं, हे पुस्तकातून कळत नाही. स्पेनमध्ये दुकानदारही लवकर ‘तू’वर येतो. कोलंबियाच्या काही भागांत घरातली माणसं एकमेकांना, अगदी आई मुलालाही, ‘उस्तेद’ म्हणतात. आर्जेन्टिनात ‘तू’ जवळपास नाहीच, तिथे ‘बोस’ आहे आणि त्याची क्रियापदंही निराळी. आपल्याकडे कुठल्या घरात वडिलांना ‘अहो’ आणि कुठल्या घरात ‘अरे’ म्हणतात, हे जसं उंबरा ओलांडल्यावरच कळतं, तसंच हे आहे. परक्यानं ‘उस्तेद’नं सुरुवात करावी, समोरचा ‘तू’वर आला की आपणही यावं. देवाला मात्र दोन्हीकडे ‘तू’.

जवळीक फसवते तीही इथेच. निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. स्पेनमध्ये थोडा वेळ बाहेर जाणारा ‘आओरा बेंगो’ म्हणतो, म्हणजे शब्दशः ‘आता येतो’. मन सुखावतं. पण आतून कुणी हाक मारली की आपण ‘आलो, आलो!’ म्हणतो आणि स्पॅनिश माणूस ‘या बोय!’, म्हणजे ‘हा निघालो!’ तिथे मराठीच्या भरवशावर ‘बेंगो’ म्हटलंत तर वाक्य चुकलं.

दारातला शब्द

आता खरी उणीव. आपल्या बोलण्यात अनोळखी माणसाला अभिवादन करण्याची फारशी चाल नाही. दुकानात शिरलो की ‘अर्धा किलो रवा द्या’. यात उद्धटपणा नसतो, आवाजाच्या सुरात आणि ‘जरा’, ‘हं’, ‘ना’ यांत आपली सभ्यता असते. स्पेनमध्ये दुकानात, लिफ्टमध्ये, डॉक्टरांच्या प्रतीक्षागृहात शिरताना आधी ‘ब्वेनोस दियास’ म्हणायचं, किंवा नुसतं ‘ब्वेनास’. ते न म्हणता केलेलं निर्दोष व्याकरणाचं वाक्यही तुसडं ठरतं. दुपारचं ‘ब्वेनास तार्देस’ स्पेनमध्ये जेवणानंतर सुरू होतं, आणि तिथलं दुपारचं जेवण दोन-तीनला असतं. ‘ब्वेनास नोचेस’ रात्री भेटतानाही चालतं, निरोप घेतानाही.

मागण्याच्या बाबतीत मात्र आपण त्यांच्यासारखेच. ‘कृपया’ हा शब्द आपल्याकडे पाट्यांवर राहतो, तोंडी येत नाही. माद्रीदच्या बारमध्येही लोक ‘मे पोनेस उन काफे?’ म्हणतात, म्हणजे ‘मला एक कॉफी देतोस?’ विनंतीची आर्जवं नाहीत, प्रश्नाचा सूर तेवढा आहे. इंग्रजीतली लांबलचक विनंती शब्दशः उतरवणारा तिथे अवघडलेला वाटतो. लॅटिन अमेरिकेत मात्र बोलणं अधिक मऊ आहे. मेक्सिकोत नीट ऐकू आलं नाही तर ‘मांदे?’ म्हणतात, म्हणजे ‘आज्ञा करा’. कोलंबियात दुकानदार ‘आ ला ओर्देन’ म्हणतो, म्हणजे ‘सेवेला हजर’. मेक्सिकोच्या खानावळीत शेजारच्या टेबलावर जेवणाऱ्या अनोळखी माणसाला जाता जाता ‘प्रोबेचो’ म्हणायची रीत आहे, आपल्या ‘सावकाश होऊ द्या’च्या जवळची. गर्दीतून वाट काढताना ‘कोन पेर्मिसो’, धक्का लागला तर ‘पेर्दोन’. हे दोन उलटे वापरू नयेत: पहिला परवानगी मागतो, दुसरा माफी.

स्पॅनिश वीस देशांची राजभाषा आहे, त्यामुळे शुद्ध उच्चार कुठला, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. रस्ता या अर्थाचा शब्द कुठे ‘काये’, कुठे ‘काजे’, तर ब्वेनोस आइरेसमध्ये ‘काशे’. इन्स्तितूतो सेर्वान्तेसच्या ‘देले’ या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेतही कुठल्याही देशाचा शिष्ट उच्चार ग्राह्य धरतात. आपण एक देश निवडावा, त्याचं रेडिओवरचं, चित्रपटांतलं बोलणं ऐकावं, एकेक वाक्य ऐकून लगेच मोठ्यानं म्हणावं. देवनागरीत लिहून घ्यायचं तर सुरुवातीचे थोडे दिवसच. ‘चास’चं काय होतं ते आपण पाहिलं.

हे सगळं जमेल का? वर्ध्यात जन्मलेले पांडुरंग खानखोजे क्रांतिकार्यासाठी देशाबाहेर पडले आणि पुढे मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ म्हणून नावारूपाला आले. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात त्यांनी शिकवलं, मक्यावर संशोधन केलं, शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा उभ्या केल्या. दिएगो रिबेरासारख्या चित्रकारानं त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिलं. त्यांचे विद्यार्थी मेक्सिकन शेतकरी होते. त्या माणसांसमोर उभं राहून बियाण्याबद्दल बोलायचं तर स्पॅनिश बोलायला हवं, आणि समोरच्याला आपलं वाटेल अशी बोलायला हवं.

म्हणून शेवटी एक मागणी करते. सभागृहात शिक्षक आहेत, प्रकाशक आहेत. मराठीतून थेट स्पॅनिश शिकवणारं पाठ्यपुस्तक आपण तयार करू या. त्यात पहिला पाठ ‘मला’चा असावा, दुसरा दोन ‘च’ आणि दोन ‘र’ यांचा. तिसरा शब्दातल्या जोराचा, चौथा ‘रावसाहेब काय घेणार’चा आणि पाचवा दुकानात शिरताना काय म्हणायचं याचा. बोलक्या ध्वनिफिती जोडाव्यात, निदान तीन देशांच्या माणसांच्या आवाजात. कुठल्याही पाठात इंग्रजी वाक्य नसावं. हे काम दोन-तीन माणसं मिळून सहज करू शकतील, आणि त्या मंडळींत माझं नाव आजच लिहून घ्यावं.